डाव्या पायाचे वॅट

योगराजनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे पोह्यांचा ट्रे, खाली नजर, ‘जरा चालून दाखव’ असले जुनाट प्रकार नाहीत. कोसाड कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून त्यानं हे अशा थाटात सांगितलं, की सुवर्णाच्या आईच्या, प्रमिलाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती डोळ्यांना पदर लावून आत गेली आणि उगीचच पाण्याचा पेला धूत बसली.

तिला रडू येण्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. पारोळ्याजवळच्या खेड्यात तिला पाहायला आले, तेव्हा सुवर्णाच्या वडिलांच्या, लोटूआप्पांच्या चुलत्यानं तिला भरली कळशी घेऊन विहिरीपासून अंगणापर्यंत चालायला लावलं होतं. एकदा चालली, तर म्हणे लुगड्यामुळे घोटे दिसले नाहीत. म्हणून परत, लुगडं जरा वर धरून. सगळं गाव ओट्यावर. मग त्या म्हाताऱ्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि निकाल दिला, ‘पाय सरळ शेतस.’ नवरदेव लोटूआप्पा शेजारीच चहा पीत होते. त्यांनी बशीतून नजर वर काढली नाही.

ही गोष्ट प्रमिलाबाई भाजी निवडता निवडता सांगायची, ना हसून ना रडून. सुवर्णानं ती लहानपणापासून ऐकली होती आणि दर वेळी त्या पिंकेशी आलं की ती उठून जायची. मोठी झाल्यावर तिनं एकच ठरवलं होतं, लग्न होवो न होवो, कुणापुढे चालून दाखवायचं नाही. पळून मात्र दाखवेन, हवं तर.

कारण सुवर्णा पळायची. रिंग रोडच्या एका साडीच्या पेढीत दिवसभर कॉम्प्युटरवर बुट्ट्या आणि पदर काढायचे, आणि सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळायचं. शर्यतीसाठी नाही, बारीक होण्यासाठी नाही. पळताना डोक्यातला पसारा आपोआप आवरला जातो, म्हणून. आजवर जी स्थळं आली, त्यातल्या प्रत्येकानं हे पळणं ऐकून तोंड कसंनुसं केलं. ‘लग्नानंतर सोडशील ने?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. योगराज हा पहिला माणूस, ज्यानं डोळे मोठे करून विचारलं, ‘अरे वा! किती धावतेस?’ एवढ्यावरच ती अर्धी हरली. तिला हे लग्न व्हायला हवं होतं, आणि ते तिनं स्वतःशी कबूल केलं होतं.

योगराजही मूळचा खानदेशचाच. वडिलांनी सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत भरतकामाची मशिनं टाकली, पैसा आला, घर वेसूच्या श्रीमंत वस्तीत गेलं आणि घरातली अहिराणी वाटेतच कुठंतरी पडली. आता त्याची आई छायाबाई गुजराती वळणाचं मराठी बोलायची आणि योगराज इंग्रजी वळणाचं.

पुढच्या रविवारी त्यानं सुवर्णाला डुमस रोडवर पळायला बोलावलं. तिथं त्याच्या क्लबातले वीस-पंचवीस जण चमकदार टीशर्ट घालून आधीच हजर. एकमेकांना ‘केम छो’ म्हणायच्या आधी मनगटावर बघणारी जमात ती. पळून झाल्यावर योगराजनं तोंडात एक चिकट एनर्जी जेलची पुडी पिळली, बोट चाटलं आणि त्याच ओल्या बोटानं घड्याळाचा पडदा सरकवला. मग बूट काढून अंगठ्याचं काळं पडलेलं नख दाखवलं. दाखवलं म्हणजे तिच्या तोंडापुढे पाय धरला. सुवर्णानं मान जरा मागे घेतली. पण पळणाऱ्याचं नख काळं पडायचंच, असं म्हणून तिनं ती किळस गिळली. लग्न जमवायचं म्हटलं की माणूस काय काय गिळतो.

मग त्यानं खिशातून एक डबी काढली. आत दोन काळे, गुळगुळीत, चिंचोक्याएवढे सेन्सर आणि एक घड्याळ.

“पॉड,” तो म्हणाला. “बुटाच्या नाडीत अडकवायचे. तुझ्यासाठी.”

“हे काय करतं?”

“पॉवर मोजतं. बघ, वेग खोटं बोलतो. पूल चढताना वेग पडतो, समोरून वारा आला तरी पडतो. म्हणून मेहनत कमी झाली का? नाही. शरीर त्या क्षणाला किती जोर लावतंय, ते हा पॉड पायाच्या हालचालीवरून काढतो. वॅटमध्ये.”

“बल्बसारखं?”

“बल्बसारखंच,” तो अजिबात न हसता म्हणाला. “आणि दोन पायांना दोन असले, की कोणता पाय किती भार घेतो तेही कळतं. मी माझ्याच खात्यात जोडून ठेवलंय, तुला काही करायला नको. घड्याळ झोपतानाही काढू नकोस हं, रिकव्हरी कळते.”

कुणी तिला पळण्यासाठी काही दिलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. ती इतकी खूश झाली, की ‘माझ्याच खात्यात’ हे शब्द कानावरून गेले आणि गेलेच. पुढे तो फोनवर ‘तुझे पाय जमिनीवर टेकतात किती कमी वेळ, कमाल आहे’ असलं काहीतरी म्हणायचा आणि ही बया लाजायची. एखाद्या दिवशी पळायला गेली नाही, तर दुपारी फोन हजर, ‘आज रिकामं दिसतंय? बरी आहेस ने?’ तिला ते काळजी करणं वाटायचं. पलीकडे ओट्याशी उभी असलेली प्रमिलाबाई पोळी उलटता उलटता सगळं ऐकायची.

गणपती गेले आणि कोसाडमध्ये तापाची साथ आली. निम्मी कॉलनी अंथरुणात. गटारं तुंबलेली, त्यावर पावडर मारलेली, दोन्हीचा मिळून असा वास की जेवण जाईना. सुवर्णाही आडवी झाली. पहिले चार-पाच दिवस तर तिला शुद्धच बेताची होती, घड्याळसुद्धा टोचतं म्हणून तिनं काढून उशीखाली टाकलं. आश्चर्य म्हणजे त्या दिवसांत योगराजचा ‘रिकामं दिसतंय’वाला फोन काही आला नाही. एका सकाळी तिला दारात आपले बूट ओले दिसले. ‘खराब व्हतात, म्हनीसन धुयात मी,’ प्रमिलाबाई म्हणाली. ताप उतरला, सुवर्णा परत पळायला लागली आणि ती गोष्ट विसरून गेली. आपण आजारी होतो, हे योगराजला सांगू नको, असं आईनं बजावलं होतं. जमत आलेल्या स्थळाला मुलीचा ताप कळवायचा नसतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

साखरपुड्याची तारीख काढायला वेसूची मंडळी आली ती रविवारी दुपारी. योगराज, छायाबाई आणि योगराजची वहिनी सोनाली. सोनाली फिजिओथेरपिस्ट, स्वतःचं क्लिनिक असलेली. जिना चढून आल्यामुळे छायाबाईंना धाप लागली होती. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची रुमालानं पुसली. प्रमिलाबाईनं पोहे केले होते, खमण आणलं होतं, आणि पाहुण्यांसमोर तिचं ते ठेवणीतलं, अडखळतं, पुस्तकी मराठी काढलं होतं. लोटूआप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेच्या कडेला बसले होते.

पोहे अर्धे झाल्यावर छायाबाईंनी सोनालीकडे पाहिलं. सोनालीनं पर्समधून टॅब्लेट काढला.

“मनात काही आणू नका,” ती गोड आवाजात म्हणाली. असं म्हणणारा माणूस पुढे काय बोलणार, ते ओळखायला कुंडली लागत नाही. “सगळं छान आहे. पॉवर वजनाच्या मानानं मस्त, हृदयाचे ठोके उत्तम. फक्त हे बघा.” तिनं पडदा वळवला. दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. “मागच्या महिन्यात इथं आठवडाभर पॉवर एकदम पडलीय. आणि डावा पाय भार घेतच नाहीये. हा खुब्याचा प्रॉब्लेम असू शकतो. साखरपुड्याआधी एक एक्स-रे काढून घेऊ, माझ्या ओळखीत होईल.”

सुवर्णाला आधी कळेचना, की हे कुणाबद्दल चाललंय. मग लाल रेघेखाली आपलं नाव दिसलं.

“हे तुमच्याकडे कसं?”

“फॅमिली ग्रुपवर टाकतो ने योगराज,” छायाबाई म्हणाल्या, जणू दूध कुठून आणता असं विचारलं होतं. “दर आठवड्याला. मला काय समजतंय त्यातलं, सोनाली सांगते. मी म्हटलं, खुब्याचं असेल तर आत्ताच बघून घेऊ. पुढे बाळंतपण आहे, कंबर धरली तर कोण निस्तरणार? बाकी मला आवडली हो मुलगी. झोप जरा कमी आहे, पण महिन्याची तारीख अगदी वेळेवर. घड्याळात तेही येतं म्हणे.”

लोटूआप्पांनी खाली पाहिलं. सुवर्णाच्या मानेपासून पाठीपर्यंत काहीतरी ओलसर सरपटत गेलं. झोपेत, अंथरुणात, पोट दुखत असताना कुशीवर वळली तेव्हा ते घड्याळ हातात होतं, आणि वेसूच्या दिवाणखान्यात ही बाई फराळ करता करता ते ऐकत होती. कालव्याच्या रस्त्यावर आपण एकट्याच पळतो आहोत असं जिला वाटत होतं, ती रोज सकाळी उठून, नाड्या बांधून, या लोकांच्या अंगणात चालून दाखवत होती. आणि भेट दिली म्हणून आभारही मानत होती! तिनं मनगटावरचं घड्याळ ओरबाडून काढलं. खालची कातडी पांढरी, घामट आणि सुरकुतलेली होती. तिला ती स्वतःची वाटेना.

“तू म्हणाला होतास, तुमच्याकडे असले प्रकार नाहीत,” ती योगराजला म्हणाली.

“कसले?” त्याला खरंच कळलं नाही. तोंडात पोहे होते. “हे वेगळं आहे, सुवर्णा. हा डेटा आहे. यात कुणी कुणाला जज करत नाही. उलट तुझ्याच भल्यासाठी—”

“तो पाय मन्हा शे.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रमिलाबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पुस्तकी मराठी गळून पडलं होतं.

“तिचा नही. मन्हा. पोर तापमा पडेल व्हती. बूट आनी घड्याळ मीच घालात. रोज सकाये कालवापावत जाई उनू. तुम्हना तठे रिकामं दिखाले नको, म्हनीसन.”

सुवर्णाला ते ओले बूट आठवले. बावन्न वर्षांची तिची आई, नऊवारी सोडून पाचवारीवर आली तेव्हाही महिनाभर संकोचलेली, ती बाई पातळाखाली मुलीचे हिरवे-गुलाबी बूट घालून, भल्या सकाळी लोकांच्या नजरा चुकवत कालव्यापर्यंत चालत गेली होती. कापडगिरणीतल्या बॉबिनच्या खात्यात एका पायावर भार देऊन वर्षानुवर्षं उभी राहिली, त्यात डावा खुबा कामातून गेला. पण पोरीच्या रकान्यात रिकामी जागा दिसू नये. दिसली तर म्हणतील, पोरगी आजारी असते. बुटात काय मोजतात, ते तिला ठाऊक नव्हतं. पलीकडे कुणीतरी बघतंय, एवढं मात्र ती पुरतं ओळखून होती. घरात हे फक्त तिलाच कळलं होतं, कारण तिला एकदा बघितलेलं होतं.

आता तरी हा माणूस लाजेल, असं सुवर्णाला वाटलं. निदान उठेल, काकू म्हणेल, चुकलं म्हणेल. तिनं योगराजच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर तो चेहरा उजळला.

“म्हणजे तो डेटा तुझा नाहीच!” तो आनंदानं म्हणाला. “मग प्रॉब्लेमच नाही! वहिनी, तो आठवडा डिलीट करून टाक. बघ, बाकीचा बॅलन्स परफेक्ट आहे. मी म्हणत होतो ना, मम्मी?”

“चला, सुटलो,” छायाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खमणाचा तुकडा उचलला.

सोनाली मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. “हो, पण आईला असेल तर हेरिडिटरीचा चान्स असतो. एक्स-रे काढून घेतलेला बरा. दोघींचा काढू.”

सुवर्णा उठली. ओट्यापाशी जाऊन तिनं सांडशी घेतली. दारात बुटांच्या स्टँडवर तिचे बूट होते. ती खाली बसली, सांडशीनं एकेक पॉड नाडीतून खेचून काढला. हात लावायची तिची छाती होईना. पालीचं मेलेलं पिल्लू उचलावं, तसे ते तिनं लांब धरून आणले आणि योगराजच्या पुढ्यातल्या पोह्यांत टाकले. पहिला, मग दुसरा. वरून घड्याळ.

“हे काय?” योगराज किंचाळला. “वॉटरप्रूफ आहेत, पण तेल—”

“मला तुझी शिसारी येते,” सुवर्णा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. “त्या म्हाताऱ्यानं निदान सगळ्या गावासमोर चालायला सांगितलं होतं. माझ्या आईला माहीत होतं, आपल्याला बघताहेत. तू मला भेट दिलीस. माझी झोप, माझा घाम, माझा विटाळ, सगळं ताटात वाढून घेतलंस आणि मला मात्र वाटलं, तुला माझं पळणं आवडतं. आणि आत्ता माझी आई इथं उभी राहून काय बोलली, ते तुला ऐकू तरी आलं का? तू फक्त तो पाय कुणाचा नाही, तेवढं ऐकलंस.”

“शब्द जपून,” छायाबाई कडाडल्या. “एवढा कसला माज? कोसाडच्या पोरीला वेसूत आणत होतो आम्ही. पाय बघितले म्हणून काय झालं? आमचेही बघितले होते.”

“सुवर्णा,” लोटूआप्पा खालच्या आवाजात म्हणाले, “पाव्हना शेतस. आसं बोलू नही.”

प्रमिलाबाई चौकट सोडून पुढे आली. डावा पाय जरा ओढत, जशी ती रोज चालायची तशीच. फक्त आज तो पाय झाकायला पातळाची निरी सारखी केली नाही.

“तव्हय बी तुम्ही उगामुगा बसेल व्हतात,” ती नवऱ्याला म्हणाली. “आते बी बसा.”



मग ती छायाबाईंकडे वळली. तिनं हात उचलून जिन्याच्या दाराकडे केला.

“दोन दाव मी चालनू. आते तुम्ही चालीसन दखाडा. दार तठे शे.”

छायाबाईंना अहिराणी येत नाही, असं त्या सगळीकडे सांगायच्या. ही त्यांना शब्द न् शब्द कळली. त्या उठल्या, खुर्ची मागे सरकली. सोनालीनं टॅब्लेट छातीशी धरला. योगराज पोह्यांतून पॉड काढत होता, एकेक शेंगदाणा बाजूला सारत, मोहरी पुसत, आणि त्याची आई दाराबाहेर गेली तरी तो घड्याळ चालू आहे का ते बघत होता. मग तोही गेला. जाताना त्यानं ‘येतो काकू’ म्हटलं, सवयीनं.

सुवर्णा त्यांच्या मागोमाग जिन्यापाशी आली. कठड्यावरून वाकून खाली पाहत राहिली. सोनाली भरभर उतरली, योगराज तिच्या मागे. छायाबाईंना मात्र घाई जमेना. कठडा धरून एकेक पायरी. आधी उजवा पाय खाली, मग त्याच पायरीवर डावा. परत उजवा. डाव्या गुडघ्यातून काहीतरी करकरत असावं, कारण दर पायरीला त्या ओठ आवळत होत्या. हिचाही डावाच गेलाय, सुवर्णाच्या मनात आलं. भार सगळा उजव्यावर. पायरीला टेकायला किती वेळ लागतोय हिला! वॅट काढले तर—

तिनं एकदम डोळे मिटले. एवढ्याच दिवसांत हे असं डोळ्यांत येऊन बसलं होतं, बुटांतून काढलं तरी. खाली पायऱ्यांवर छायाबाईंची चप्पल घासत होती आणि सुवर्णाला ते ऐकायचं नव्हतं. तरी कान मोजत होते, घासली, टेकली, घासली, टेकली. तिनं कानांवर हात घेतले.

“काय दखी ऱ्हायनी व, पोरी?” आतून प्रमिलाबाईनं विचारलं.

“काही नही, माय.”

“मग ये ना घरमा. दार लाव.”

सुवर्णा घरात आली. आई तिच्या समोरून ओट्याकडे चालत गेली, आणि ती जाईपर्यंत सुवर्णा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.